डबाभर चिठ्ठ्या आणि बेचाळीस पोती

गेल्या अंकात मी माझ्या नोकरीबद्दल दोन पानं खरडली आणि शेवटी ‘कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा’ असं सहज लिहून गेलो. परवा संपादक स्वतः वडगावात घरी आले आणि पत्रांचं पाकीट टेबलावर ठेवून, चहा पिऊन गेले. आता भोगा.

ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात मी एकतीस वर्षं उत्खननातल्या वस्तू सांभाळल्या. पदाचं नाव तीनदा बदललं, काम तेच राहिलं. भांडाराची किल्ली माझ्याकडे. खणणारे लोक मोठे, लिहिणारे त्याहून मोठे, मी ठेवणारा. उत्तरं ठेवणाऱ्याच्या बाजूनं येतील.

काका, मी पुरातत्त्वात एम. ए. करतेय. आमच्या विभागाच्या भांडारात जुन्या उत्खननांची बेचाळीस पोती आहेत. काहींच्या चिठ्ठ्या वाळवीनं खाल्ल्यात, काहींच्या सुटून पडल्यात. सरांनी मला आणि दोन मुलांना दिवाळीच्या सुटीत ‘भांडार लावून घ्या’ म्हणून सांगितलंय. सुरुवात कुठून करू? (एक विद्यार्थिनी, खानापूर)

पोरी, पहिल्या दिवशी काहीच हलवू नकोस. झाडूसुद्धा मारू नकोस. मोठा कागद घे आणि खोलीचा नकाशा काढ. दार कुठं, खिडकी कुठं, कुठलं पोतं कुठल्या भिंतीला, कुणाच्या डोक्यावर कोण बसलंय. मग प्रत्येक पोत्याचा मोबाईलवर फोटो. एका मोसमाची पोती एकाच ट्रकातून उतरतात आणि बहुतेक शेजारी शेजारीच बसतात. चिठ्ठी गेली तरी शेजार बोलतो. तू पोतं हलवलंस की तो शेजारही गेला.

हे शहाणपण मला जन्मतः नव्हतं. एका उन्हाळ्यात भांडाराला रंग द्यायचं ठरलं आणि नेमका मी बहिणीच्या लग्नासाठी गावी आलेला. रंगारी मोठे टापटिपीचे. पोती ओढताना चिठ्ठ्या सुटून जमिनीवर पडल्या, तर त्या बिचाऱ्यांनी एकेक उचलली, फुंकर मारून धूळ झटकली आणि मीच बेळगावहून नेलेल्या कुंद्याच्या रिकाम्या डब्यात भरून टेबलावर ठेवली. डब्यावर खडूनं लिहिलं होतं, ‘साहेबांचे कागद’. दोनशे सोळा चिठ्ठ्या. मी परत आलो तर भिंती दुधासारख्या पांढऱ्या, पोती एका रांगेत, आणि कुठल्या पोत्यात काय आहे हे जगात कुणालाच माहीत नाही.

रागवायचं कुणावर? त्यांनी एकही चिठ्ठी फेकली नव्हती.

ते जुळवायला मला चार वर्षं लागली. कसं जुळवलं ते सांगतो, तुझ्या उपयोगाचं आहे. चिठ्ठीच्या मागं माती चिकटलेली असते; काळी, तांबूस, राखेसारखी. ती पोत्यातल्या खापऱ्यांवरच्या मातीशी ताडून बघायची. म्हणून खापरं धुण्याची घाई करायची नाही. चिठ्ठीला सुतळीचं भोक असतं, पोत्याच्या तोंडाशी सुतळीचा तुकडा असतो. जाडी आणि रंग बघायचा. गंजलेल्या खिळ्याचा डाग चिठ्ठीवर असेल तर पोत्यातही तो खिळा कुठंतरी असतो. एवढं करूनही सदतीस चिठ्ठ्या शेवटपर्यंत डब्यातच राहिल्या. निवृत्तीच्या दिवशी किल्लीबरोबर तो डबाही मी पुढच्या माणसाच्या हातात दिला.

नकाशा झाला की प्रत्येक पोत्याला तात्पुरता नंबर दे: प-१, प-२. जुनी चिठ्ठी जशी असेल तशी, चुकीची वाटली तरी, तिच्यावर काही खोडायचं नाही. मग एका वेळी एकच पोतं. खाली पांढरी चादर अंथरून उघडायचं. तळाशी जमलेली भुकटी बारीक चाळणीनं चाळून घे. तिच्यात चिठ्ठीचे कपटे निघतात, कधी मणीही निघतो. आमच्याकडे मणी काड्यापेटीत आणि कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत असायचे. तसल्या डब्या दिसल्या तर हलवून बघू नकोस, उघडून बघ.

वस्तू गुंडाळलेला वर्तमानपत्राचा तुकडा तर मुळीच फेकू नकोस. तो कागद वस्तूला वाईट, त्यातलं आम्ल उतरतं, म्हणून तो काढायचा. पण फोटो घेऊन, पोत्याचा नंबर लिहून फाईलला लावायचा. एका पुडीवर आम्हाला तारीख नव्हती, स्थळ नव्हतं, पण कुस्तीच्या मैदानाची जाहिरात होती आणि खाली सोन्याचा भाव. भावावरून वर्ष ठरलं, वर्षावरून उत्खनन.

आता भरायचं कशात? गोणपाटात परत नको. भाजी मार्केटात असतात तसले प्लास्टिकचे क्रेट चांगले. एकट्या माणसाला कंबर न धरता उचलता येईल एवढंच भर, दहा-बारा किलो. जड क्रेट माणूस ओढतो, आणि ओढलं की फुटतं. मांडणीचा सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर हवा आणि मांडणी भिंतीला टेकलेली नको. तू खानापूरची, पावसाळ्यात भिंत कशी पाझरते ते तुला मी काय सांगू! अथणीकडच्या कोरड्या हवेत जे गोणपाट वर्षानुवर्षं टिकेल, ते तुमच्याकडच्या पावसात दोन-तीन वर्षांत बोटानं फाटतं. म्हणून पुण्यातल्या माणसानं लिहिलेले नियम तसेच्या तसे आणू नका. आधी एक साधा आर्द्रतामापक घेऊन खोलीत ठेव आणि रोज सकाळ-संध्याकाळ आकडा लिही. पावसाळ्यात ‘हवा खेळू दे’ म्हणून खिडक्या सताड उघडणारे लोक भेटतील. बाहेर धुकं आणि झड असताना खिडकी उघडली तर आत येते ती ओलच.

चिठ्ठ्या दोन. एक पिशवीच्या आत, तिच्या स्वतःच्या छोट्या प्लास्टिकच्या खिशात; दुसरी बाहेर. शिसपेन्सिलीनं लिही. शिसपेन्सिल पाण्याला भीत नाही. जेल पेनानं लिहिलेल्या चिठ्ठ्यांवर एकदा गच्चीचं पाणी गळलं तेव्हा निळ्या ढगांशिवाय काही उरलं नव्हतं.

खापरीवर नंबर घालायचा तर आतल्या बाजूला, नक्षी नसेल तिथं. तुटलेल्या कडेवर कधीच नाही, कारण कड दुसऱ्या तुकड्याला जुळवायची असते. आधी नखाएवढ्या जागेवर पारदर्शक राळेचा पातळ थर दे. पॅरालॉइड बी-७२ म्हणून मिळते. एक भाग राळ आणि चार भाग ॲसिटोन, खिडकी उघडी ठेवून. तो वाळला की बारीक टाकानं काळ्या पक्क्या शाईत नंबर. शाई वाळली की वर दुसरा थर. उद्या कुणाला नंबर काढायचा झाला तर ॲसिटोनच्या बोळ्यानं निघतो आणि खापरीला काही होत नाही. आमच्या आधीची पिढी थेट खापरीवर पांढरा ऑइलपेंट फासून लिहायची. कुणी नेलपॉलिशही वापरलंय. ते कालांतरानं पिवळं पडून सोलून निघतं, आणि नंबर त्याच्याबरोबर जातो.

कोळशाचा नमुना सापडला तर हात लावू नकोस. चिमट्यानं उचलून ॲल्युमिनियम फॉइलमध्ये ठेव. कापूस आणि कागद दोन्ही नको, त्यांचा कार्बन त्यात मिसळतो.

आणि सरांना आत्ताच सांग, दिवाळीच्या सुटीत हे होणार नाही. तिघांनी मिळून दिवसाला एक पोतं नीट केलं तरी ते चांगलं काम झालं. मग बेचाळीस पोत्यांचे दिवस किती, ते सरच मोजतील.

आजोबांनी जमवलेली तांब्याची जुनी नाणी पेटीत होती. या पावसाळ्यात काहींवर हिरवी पूड आलीये. लिंबानं धुवावीत का? (एक गृहिणी, शहापूर)

लिंबू राहू द्या ताई, सरबताला वापरा.

हिरवं दोन प्रकारचं असतं. गडद, गुळगुळीत, नखानं खरवडलं तरी न निघणारं हिरवं म्हणजे नाण्यानं स्वतःवर चढवलेला कोट. त्याला हात लावायचा नाही. पण पिस्त्याच्या रंगाची फिकट, बोटाला लागणारी पूड असेल तर तो रोग आहे. नाण्याच्या आत मिठाचा अंश, म्हणजे क्लोराइड, अडकलेलं असतं. हवेतली ओल मिळाली की ते तांबं खात सुटतं आणि थांबत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात त्याला ओलीची काही कमतरता नाही.

पूड आलेली नाणी बाकीच्यांपासून आजच वेगळी करा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली राहिली तर रोग निजतो. जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये एकशेवीस अंशांच्या आसपास दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतं. चपात्यांच्या तव्यावर नको. पुढचा इलाज रसायनाचा आहे, तो जाणकाराच्याच हातून. लखनौच्या राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळेचं एक केंद्र म्हैसूरला आहे, तिथं विचारता येईल.

विहिरीचा गाळ काढताना कडीत ओवलेले तांब्याचे दोन पत्रे सापडले. त्यावर अक्षरं आहेत. आईनं एक चिंच लावून घासला. गावात म्हणतात, सरकारला कळलं तर रान जाईल. काय करू? (एक शेतकरी, खानापूर तालुका)

अण्णा, आईला म्हणावं, आता पुरे. चिंच आणि मीठ पितळेच्या घागरीला ठीक. इथं अक्षराची बारीक रेघ वरच्या हिरव्या थरात धरून राहिलेली असते, आंबट लागलं की थराबरोबर रेघही जाते. दुसरा पत्रा जसा आहे तसा सुक्या सुती कापडात गुंडाळा. कडी कापू नका, वाकवू नका. कडीवर मुद्रा असेल तर ती राजाची सही. कुणी आधीच कडी कापून पत्रे वेगळे केले असतील, तर ते कोणत्या क्रमानं होते हे ठरवायला वाचणाऱ्याला घाम फुटतो.

तुमच्या तालुक्यात हे नवल नाही. हलशी म्हणजे कदंब राजांची पलाशिका. तिथं सापडलेले कदंबांचे ताम्रपट जे. एफ. फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात वाचून छापले, आणि आपल्या भागाचा पाचव्या-सहाव्या शतकाचा इतिहास बराचसा त्या पत्र्यांवर उभा आहे. कुणीतरी ते भांडी करणाऱ्याला वजनावर विकले असते, तर आज हलशीला फक्त देवळं दिसली असती.

आता कायदा. जमिनीत सापडलेल्या ठेवीसाठी ब्रिटिशांचा १८७८ चा कायदा आहे आणि कर्नाटकाचा स्वतःचा १९६२ चा. सापडलं की कळवायचं, लपवायचं नाही, हे त्याचं सार. तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या. अर्जात विहिरीची जागा, किती खोलीवर, कुठल्या बाजूला, सोबत आणखी काय निघालं (खापरं, विटा, राख) ते सगळं लिहा. देण्याआधी दोन्ही पत्र्यांचे पुढून-मागून फोटो काढा, वजन करा आणि पोचपावती घेतल्याशिवाय हातातून सोडू नका. पावती द्यायला कुणी टाळाटाळ केली तर गोड बोलून तिथंच बसून राहा. मी सरकारी माणूस होतो, मला माहीत आहे.

आणि रान? एखादी जागा संरक्षित करायची झाली तर सरकारला तशी अधिसूचना काढावी लागते, हरकतींना मुदत द्यावी लागते. दोन पत्रे सापडले म्हणून कुणी उद्या सकाळी तुमच्या बांधावर तार ओढत नाही. पत्रे परदेशी विकायचा मात्र विचारही नको. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेताच येत नाही.

आमच्या विभागात जुन्या नोंदवह्या संगणकावर चढवायचं काम चाललंय. ‘बेळगाव’ लिहायचं की ‘बेळगावी’, यावरून दोन गट पडलेत. तुम्ही काय म्हणाल? (एक ग्रंथपाल, बेळगाव)

तुम्ही पत्राखाली जे लिहिलंय ते मी छापायला सांगितलं. यावरून ओळखा.

पण थट्टा बाजूला. हा वाद चौकात घालायला माझी ना नाही, नोंदवहीत मात्र घालू नका. नोंदवहीचा नियम सोपा: जुन्या माणसानं जे लिहिलं ते पहिल्या रकान्यात तसंच, अक्षरही न बदलता. शेजारी दुसरा रकाना, आजच्या सरकारी नावाचा. तिसऱ्यात अक्षांश-रेखांश. गाव कुठल्याही राज्यात गेलं, कुठलंही नाव मिळालं तरी तो आकडा हलत नाही.

आमच्या भागात तर याची जास्तच गरज. हाच जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात, मग म्हैसूर राज्यात, १९७३ पासून कर्नाटकात. आणि शहराचं सरकारी नाव २०१४ च्या नोव्हेंबरात बदललं. घटप्रभेवरचं अनगवाडी हे अश्मयुगीन स्थळ जुन्या चिठ्ठीवर ‘जि. विजापूर’ असं असतं. १९९७ नंतर ते बागलकोट जिल्ह्यात आलं. एखाद्या उत्साही मुलानं विजापूर खोडून बागलकोट केलं, तर जुना अहवाल आणि वस्तू यांची गाठ सुटते. आणि नुसतं ‘वडगाव’ लिहिलं तर कुठलं? माझं की तुमच्या मामाचं?

अक्षरांपेक्षा अंक जास्त घात करतात. देवनागरी चार आणि इंग्रजी आठ शेजारी ठेवून बघा. आमच्याकडे ‘थर ४’ च्या खापऱ्यांचा एक अख्खा डबा इंग्रजी वाचणाऱ्या मुलानं आठव्या थरात नेऊन ठेवला. त्या खड्ड्यात आठवा थरच नव्हता म्हणून चोरी पकडली गेली. असता, तर (थर जितका खालचा तितका जुना) त्या खापऱ्या दोन-तीनशे वर्षांनी म्हाताऱ्या होऊन बसल्या असत्या. तेव्हा संगणकावर एकच अंकलिपी ठेवा, कुठलीही. आणि मूळ नोंदवहीच्या प्रत्येक पानाचा फोटो त्या नोंदीला जोडा. पुण्याच्या सी-डॅकनं संग्रहालयांसाठी ‘जतन’ नावाची प्रणाली केलीये, ती बघून घ्या. पण संगणकावर चढवलं म्हणून जुनी नोंदवही रद्दीत घालायची नाही. हे लिहावं लागतंय म्हणजे काहीतरी घडलेलं आहे, एवढंच समजा.

आमच्या शाळेच्या कपाटात दगडी हत्यारं, जुनी भांडी, दोन-चार मूर्तींचे तुकडे आहेत. एका माजी मुख्याध्यापकांनी जमवलेली. विद्यापीठाला द्यावीत असं काहींचं मत. पण दिलेली वस्तू परत कधी बघायला मिळत नाही, असंही ऐकतो. (एक शिक्षिका, निपाणी)

बाई, खोटं ऐकलेलं नाही. देणगी घेताना हार-तुरे, फोटो. मग वस्तू कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवर. मी स्वतः असल्या कपाटांचा धनी होतो.

म्हणून देण्याआधी त्यांच्या भांडारात जाऊन या. ऑफिसात चहा पिऊन परत येऊ नका. नोंदवही दाखवा म्हणावं. शेवटची नोंद कधीची आहे ते बघा. तीन वर्षांपूर्वीची असेल तर हात जोडून निघा. मग दानपत्र. काय दिलं, किती दिलं, कुठून आलेलं, आणि शाळेच्या मुलांना ते बघायला मिळेल की नाही, हे त्यात लेखी हवं. कायमचं द्यायचं नसेल तर ठरावीक मुदतीसाठी उसनं देता येतं, त्याचाही कागद होतो.

मूर्तींचं वेगळं. दगडाच्या, धातूच्या जुन्या मूर्तींची नोंदणी १९७२ च्या कायद्यानं लागते. त्या शाळेत ठेवायच्या तर तेवढं करून घ्या.

दगडी हत्यारांना मात्र फारसं काही लागत नाही. दगड सोशिक. ती तुम्ही शाळेतच ठेवलीत तरी चालेल, पण मुख्याध्यापकांनी ती कुठून आणली ते आत्ता, त्यांना ओळखणारी माणसं हयात आहेत तोवर, लिहून घ्या. रॉबर्ट ब्रूस फूट नावाचा भूगर्भशास्त्रज्ञ होता. १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरमला त्याला पुराश्मयुगीन हत्यार सापडलं आणि भारतात माणूस किती जुना, हा प्रश्नच बदलला. हाच माणूस पुढं आपल्या दक्षिण महाराष्ट्राच्या, म्हणजे तेव्हाच्या ‘सदर्न मराठा कंट्री’च्या दगडांवर अहवाल लिहून गेला, घटप्रभा-मलप्रभेचे काठ त्यानं तुडवलेत. त्याचा संग्रह १९०४ मध्ये मद्रासच्या संग्रहालयानं घेतला. तो वारला १९१२ ला आणि यादी छापून आली त्यानंतर. माणूस गेला तरी दगडांची ओळख बुडाली नाही, कारण कुठला दगड कुठल्या गावचा, हे त्यानं टिपून ठेवलेलं होतं. तुमच्या मुख्याध्यापकांची एखादी जुनी डायरी घरच्यांकडे असेल. कपाटाआधी ती शोधा.

गावच्या वेशीवर सहा वीरगळ आहेत. मंडळातर्फे त्यांना ऑइलपेंट देऊन चौथऱ्यावर सिमेंटमध्ये बसवायचं ठरलंय. कुठला रंग टिकेल? (एक युवक मंडळ, हुक्केरी तालुका)

पोरांनो, कुठलाच नको. रंगाखाली दगड श्वास कोंडल्यासारखा होतो. जमिनीतून वर चढलेली ओल बाहेर पडायला वाट शोधते आणि दगडाची साल घेऊनच पडते. सिमेंटमधला क्षार दगडात उतरतो, तो वेगळाच. हौस आहे तर एवढं करा: झुडपं काढा, पाणी साचत असेल तर चर खणून वाट द्या, गुरं घासणार नाहीत असं कुंपण घाला. घोड्यावरचा वीर, मधल्या पट्टीतल्या अप्सरा, वरची शिवपूजा या सगळ्याचे तिरक्या उन्हात, सकाळी आठच्या आत, फोटो काढा. दुपारी काढलेल्या फोटोत काही दिसत नाही. अक्षरं असतील तर फोटो जवळच्या इतिहासाच्या प्राध्यापकाला दाखवा. कन्नड आहेत म्हणून मागं ठेवू नका, आमच्याकडचे वीर दोन्ही भाषांत मरत होते.

आणि म्हाताऱ्या बायका अमावास्येला तेल घालतात त्यावरून त्यांच्याशी भांडू नका. ती वेगळी गोष्ट आहे.

अहवाल छापून झाला, नक्षीची भांडी काचेच्या कपाटात गेली, तरी हजारो कोऱ्या खापऱ्या विद्यापीठं का सांभाळतात? जागा अडते, पगार जातो. तुम्ही एकतीस वर्षं त्यावर राखण केलीत, राग मानू नका. (एक निवृत्त बँक अधिकारी, टिळकवाडी)

राग कसला? कुलगुरूंनीही हेच विचारलं होतं, फक्त ते एवढ्या प्रेमानं विचारत नाहीत.

आधी कबूल करतो, सगळं ठेवता येत नाही. कोऱ्या खापऱ्या मोजून, वजन करून, प्रकारवार लिहून टाकून देण्याची पद्धत खणणाऱ्यांत जुनीच आहे. मीही समितीच्या सहीनं टाकल्यात. खड्डा खणून पुरल्या आणि वर त्या वर्षाचं एक रुपयाचं नाणं टाकलं, म्हणजे हजार वर्षांनी कुणी खणलं तर फसणार नाही.

पण टाकायची भीती का वाटते ते सांगतो. पुणे जिल्ह्यात घोड नदीवर इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून पुढं बरीच वर्षं तिथं खणलं. ताम्रपाषाण काळातली लोकं लहान मुलं गेली की घराच्या जमिनीखाली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात पुरायची. त्या चिमुकल्या हाडांवर तेव्हा अहवाल निघाला. मग पंचवीस-तीस वर्षांनी त्याच पेट्या उघडून एका अमेरिकन संशोधिकेनं तीच हाडं नव्यानं मोजली, आणि बदलत्या पावसाचा त्या मुलांच्या वाढीवर काय परिणाम झाला यावर २०११ मध्ये पुस्तक लिहिलं. खणणाऱ्यांच्या डोक्यात तो प्रश्नच नव्हता. पेट्या होत्या म्हणून विचारता आला.

खापरीचंही तसंच. तिच्या अंगात शिजवलेल्या अन्नाची चरबी मुरून बसते, आता ती ओळखता येते. म्हणून हल्ली थोड्या खापऱ्या न धुता ठेवतात. आम्ही पूर्वी सगळ्याच घासघासून धुतल्या, ते पाणी गटारात गेलं. तारीख काढायला पूर्वी मूठभर कोळसा लागायचा, आता धान्याचा एक जळका दाणा पुरतो. कोल्हापूरच्या टाऊन हॉलमध्ये ब्रह्मपुरीला सापडलेला ब्राँझचा पोसायडन बघायला तुम्ही गेला असाल. ग्रीकांचा हा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी कोणत्या काळात पोहोचला, हे तो स्वतः सांगत नाही. ते आजूबाजूच्या नाण्यांना आणि खापऱ्यांना विचारावं लागतं.

आणि एक घरचं सांगतो. सत्तरच्या दशकात धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे डॉ. अ. सुंदर आमच्या इथं वडगाव-माधवपूरला खणत होते. सातवाहनांच्या वेळचं गाव निघालं. तेव्हा मी नऊ वर्षांचा. घरी माग होता. दुपारी बाबा जेवायला उठले की मी पळत खड्ड्यांवर. ताणलेल्या दोऱ्या, खुंट्यांवरचे नंबर, आणि एका चटईवर वाळत घातलेल्या ओल्या खापऱ्या. कुणाचं लक्ष नाही बघून मी एक उचलली. लाल, चकचकीत, बोटभर, कडेला नागमोडी रेघ. कंपासपेटीत ठेवली. गणिताच्या तासाला अंगठ्यानं ती रेघ चाचपत बसायचो. या धंद्यात मी आलो तो त्या रेघेमुळं, असं म्हणायला हरकत नाही.

नोकरीत वीस वर्षं झाल्यावर ती परत करावी असं वाटलं. पण परत करायची कुठं? कुठल्या खड्ड्याच्या चटईवरून उचलली, कुठल्या थराची, मला काही आठवत नव्हतं. चटईवर तिच्याशेजारी चिठ्ठी होती, एवढं मात्र डोळ्यांसमोर आहे. वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर खडा ठेवलेला. मी खडा हलवला नव्हता. चिठ्ठी वाचलीही नव्हती.

शेवटी तिला एक पिशवी केली, आत शिसपेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी घातली. ती पिशवी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. चिठ्ठीवर असं आहे: स्थळ वडगाव-माधवपूर. खड्डा माहीत नाही. थर माहीत नाही. चोरणारा, वय ९.